कोरा किनारा

दामूचे वर्षश्राद्ध यथासांग पार पडले, पाने उचलली गेली, आणि तरीही कोणी उठण्याचे नाव घेईना, तेव्हा भावनाबाईंचे मन साशंक झाले. त्या या घरच्या थोरल्या सूनबाई. एवढ्या वर्षांच्या सहवासाने त्यांना या कुटुंबाची रीत पुरती ठाऊक होती. प्रसंग सुखाचा असो वा दुःखाचा, जेवण होताच पुरुष ओट्यावर जात, बायका मागच्या दारी, आणि मधली खोली रिती होई. आज सगळे मधल्या खोलीतच बसून होते. दिवंगत दिराचा मुलगा प्रताप भिंतीला टेकून हातातला फोन उलटसुलट करीत होता. नणंद हंसा उंबऱ्यापाशी बसली होती, ओले हात पदराला न पुसता. आणि हरेश्वर, भावनाबाईंचे यजमान, ज्यांनी हे घर, ही आळी, ही सबंध नवी खारवण वसाहत कागदावर रेखाटली होती, ते स्वतःच रेखाटलेल्या खिडकीखाली एखाद्या पाहुण्यासारखे अवघडून बसले होते.

“दादा,” हंसा म्हणाली, “तो कागद आनलास?”

“आणला आहे.”

“मग काड ना भायेर. दामूचं झालं. आता जित्या मानसांचं बगू.”

हरेश्वरांनी कन्येकडे पाहिले. हिमानीने कोपऱ्यातली पत्र्याची लांब नळी उघडली आणि आतला पारदर्शक कागद सतरंजीवर हलकेच उलगडला. चार कोपऱ्यांवर चार पाण्याचे तांबे ठेवले. मग सगळेच वाकले, कारण त्या कागदावर आता पृथ्वीतलावर नसलेले एक गाव होते.

तारापूरच्या दक्षिणेस, समुद्राच्या अगदी कुशीत, खारवण नावाची कोळ्यांची वस्ती होती. एका प्रकल्पासाठी ती जमीन घेतली गेली आणि माणसे बोईसरच्या मागे, आत, भाताच्या खाचरांत आणून बसविली गेली. त्याच्या कितीतरी आधी, वास्तुशास्त्राचे शिक्षण नुकतेच पुरे केलेल्या हरेश्वर तामोरे यांनी आपल्याच गावाचे घरन्‌घर मोजले होते. त्या तरुणाचा हात लहानपणीच घडलेला होता. पडावांच्या नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढल्या टोकावर, नावे रंगविता रंगविता त्याला अक्षराचे वळण गवसले होते, आणि पुढे हे वळण त्याच्या साऱ्या आयुष्याला लागले. त्यांनी बोईसरच्या कामगारांसाठी चाळींऐवजी अंगणाची घरे रचली, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांसाठी मातीची स्वस्त घरे रचली, किनाऱ्यावरील घरांचा ग्रंथ सिद्ध केला, आणि या सर्वांच्या मधल्या वेळांत पुस्तकांची मुखपृष्ठे, संस्थांची बोधचिन्हे, भित्तिपत्रके काढली. लोक त्यांना वास्तुविशारद म्हणत, अभ्यासक म्हणत, चित्रकार म्हणत. त्यांच्या मते ही तीन कामे नव्हतीच. रेघ एकच होती. ती कधी भिंत होई, कधी विधान होई, कधी अक्षर होई.

त्या साऱ्या कीर्तीचा उगम हा कागद होता. डाव्या बाजूस घरांची रांग, प्रत्येक घराचे छप्पर जणू उचलून आत डोकावावे असे दाखविलेले. चूल, माच, जाळ्यांचे ढीग, देवाचा कोनाडा. आणि उजव्या बाजूस, समुद्राच्या रेषेपर्यंत, एक विस्तीर्ण पांढरा पट्टा. त्या पट्ट्यावर, त्याला तोलून धरणारी, गलबतासारखी डौलदार अक्षरे : खारवण.

“हितंच,” हंसाने त्या अक्षरांवर बोट ठेवले. ओल्या बोटाचा ठसा कागदावर उमटला, तशी हिमानीने चटकन रुमालाने तो टिपला. “हितंच आमचे बांबू.”

तेथे खारवणच्या बायका बोंबील वाळवीत. उभे बांबू, आडव्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील. वारा त्यांच्यामधून जाई आणि मासळी स्वच्छ, पांढरी, कडकडीत वाळे. परंतु पावसाळा आला की ते बांबू उपटून घरात माळ्यावर रचीत. हरेश्वरांनी गाव मोजले ते भर पावसाळ्यात. होड्या ओढून ठेवलेल्या, पुरुष घरी, प्रश्नांची उत्तरे द्यायला मोकळे. किनारा त्या वेळी खरोखरच रिता होता. बांबू कुठे रोवतात हे त्या गावात जन्मलेल्या माणसाला का ठाऊक नव्हते? ठाऊक होते. पण मोजपट्टी घराच्या भिंतीपाशी थांबली, आणि पांढऱ्या जागेवर गावाचे नाव फार देखणे दिसले.

पुढे जमीन गेली तेव्हा सरकारी मोजणीचे जुने कागद सापडेनात. याच पत्रकाचे छापील भित्तिपत्रक गावाचा पुरावा झाले. पत्रकात होते त्याचा मोबदला मिळाला. जे नव्हते, ते नव्हतेच. आणि नवी वसाहत रचण्याचा मान हरेश्वरांना मिळाला तेव्हा वाळवणासाठी मैदान मागावे तर त्यांच्याच पत्रकात मैदान नव्हते.

आता उद्या, गावच्या समाजमंदिरात, दोन दाव्यांची सुनावणी होती. पहिला दावा मुलांचा. जुन्या घरांत राहिलेल्या, आता कर्त्या झालेल्या मुलांना पत्रकातल्या घरांच्या आणि खोल्यांच्या आधारे प्रत्येकी स्वतंत्र भूखंड मिळावा. दुसरा दावा बायकांचा, वाळवणाच्या जागेचा. पुनर्वसन अधिकाऱ्यांनी मूळ पत्रक समक्ष पाहायला मागितले होते.

“आमची बाजू भक्कम आहे,” प्रताप म्हणाला. तो बोईसरला एका कारखान्यात पाळीप्रमुख होता आणि बोलण्यात कारखान्याचा नेटकेपणा होता. “घरं दिसतात, खोल्या दिसतात. आत्याची बाजू मात्र… काका, तुम्हीच बघा. समुद्र आहे, नाव आहे. बाकी काही नाही.”

“बाबा, हे बघा!” हिमानी एकदम म्हणाली. ती पुण्यास पुस्तकांच्या सजावटीचे काम करीत असे आणि वडिलांची रेघ वडिलांइतकीच वाचू शकत असे. “प्रत्येक घराच्या माळ्यावर बांबूंच्या मोळ्या आहेत. तुम्ही काढल्यात. हा पुरावा नाही का?”

“ते छपराचे बांबू म्हणतील,” प्रताप म्हणाला. “वकिलाला विचारलं मी.”

 बाहेर भोंगा वाजला. पुन्हा वाजला. मग गाडीचा दरवाजा आपटल्याचा आवाज आणि एक तरुण, वैतागलेला स्वर : “अम्मा, उठाओ ना अपना माल! गाड़ी कहाँ से निकालूँ?”

हंसा ताडकन उठून दारात गेली. वसाहतीच्या अरुंद डांबरी रस्त्यावर, निळ्या ताडपत्रीवर, तिचे आणि आळीतल्या बायकांचे बोंबील पसरले होते. टेंपो त्यांच्यापाशी येऊन ठाकला होता.

“वरतून ने!” ती ओरडली. “पंख लाव आनि ने!”

“पंख होते तो बोईसर में सड़ता क्या, अम्मा?”

“मग थांब तितं. जीव गेला नाय तुजा.”

टेंपोवाला हसला. ती ताडपत्रीचे टोक ओढू लागली. माघाचे ऊन कोरडे होते, पण रस्त्याची धूळ मासळीवर बसून तिचा रंग राखी झाला होता. सकाळी व्यापाऱ्याने टोपली पायाने सरकवून म्हटले होते, “हे कुत्र्यांना घाल, हंसा.” आजच्या दिवशी घरात हे सांगायचे नाही, असे तिने ठरविले होते. कोण ऐकणार? भाच्याला त्याचा भूखंड हवा, आणि त्यात त्याचे चुकते काय? दामूची तिन्ही मुले या तीन खोल्यांत संसार करीत होती. धाकट्याचे लग्न जागेपायी दोनदा मोडले होते. तिला सारे कळत होते. म्हणूनच दादाला काय सांगायचे ते तिने मनाशी अनेक वार घोळवून ठेवले होते. आत येऊन ती पुन्हा उंबऱ्यापाशी बसली.

“दादा, एक मागतय. नाय म्हनू नको.”

“बोल.”

“ही अक्षरं काड आनि बांबू घाल.”

हरेश्वरांनी डोळे मिटले.  

“तसे करता येत नाही, हंसे.”

“येतं,” हिमानी हळूच म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. “शाई या कागदात मुरत नाही, वर बसते. अर्ध्या ब्लेडने खरवडायची. मग नखाने घासून कागद गुळगुळीत करायचा, नाहीतर नवी रेघ फुटते. बाबांनीच शिकवलंय. मी करते.”

“आणि छापलेलं भित्तिपत्रक? त्यात अक्षरं आहेतच की,” भावनाबाई म्हणाल्या.

“ते शोभेचं होतं म्हणायचं,” प्रताप उत्साहाने पुढे सरला. “मोजणीचं पान वेगळं. मूळ कागद बाहेर कोणी पाहिलाय कुठे? काका, यात खोटं काय आहे? बांबू होतेच ना?”

“होते. मी ते पाहिले होते आणि काढले नाहीत. पत्रक म्हणजे साक्ष, प्रताप. त्या दिवशी मी जी साक्ष दिली, ती आज बदलून त्याच दिवसाची म्हणून पुढे करणे—”

“साक्ष!” हंसाने शब्द तोडला. “आमाला कोन साक्षीला बोलावलं? तू बाबाला इचारलंस, दामूला इचारलंस, खोलीची लांबी-रुंदी इचारलीस. आई तुमाला च्या करून देत हुती. तिला इचारलंस, आई, तू दिसभर कुटं असतीस?”

 हिमानीने पिशवीतून ब्लेड काढले, कागदात गुंडाळून मधोमध मोडले आणि अर्धा तुकडा चिमटीत धरला. तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीखाली एक कडवट समाधानही होते. लहानपणापासून या पत्रकाची स्तुती ऐकत ती वाढली होती. बाबांच्या प्रत्येक सत्काराला ही अक्षरे मंचामागे टांगलेली असत आणि आत्या शेवटच्या रांगेत बसलेली असे.

“आत्या, कुठे होते ते सांग. आधी पेन्सिलीने खुणा करते.”

हंसा पुढे सरकली. “हितं आमचे. दामूच्या घरासमोर, पार पान्यापरेंत. मग तांडेलांचे. मग झुंबरबायचे…” तिचे बोट थबकले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. “नाय. झुंबरबायचे आधी. का मागनं?” ती स्वतःशीच पुटपुटली. “किती वरसं झाली.”

“आणि जिवलीचे?” भावनाबाईंनी विचारले.

जिवली डोंगराकडची. तिचे आईबाप हंगामात होड्यांवर कामाला येत, मग एका हंगामानंतर परत गेलेच नाहीत. गावाच्या टोकाला, वाळूच्या उंचवट्यावर ती थोडे बांबू रोवी. आजही ती याच आळीच्या शेवटच्या खोपटात राहत होती, आणि बाहेरच्या निळ्या ताडपत्रीचा एक कोपरा तिचा होता.

हंसाने बोट उचलले. “तिचं नको. तिला घर बी नवतं कागदात. तिचं दावलं तर साएब इचारतील ही कोन. आमचं बी अडकंल.”

“पण ती तिथे होती, वन्सं.”

“हुती. पन नको.”

हिमानीने ब्लेड ‘खा’च्या काठावर टेकवले होते. दोन-तीन वेळा ते फिरलेही होते, आणि अक्षराच्या खांद्याचा एक तुकडा करड्या भुकटीत उतरला होता. त्या क्षणी हरेश्वरांचा हात तिच्या मनगटावर आला.

“थांब, हिमानी.”

“बाबा, आत्याचं बरोबर आहे. तुम्ही—”

“तिचे बरोबर आहे. म्हणूनच थांब.” त्यांचा आवाज क्षीण होता, परंतु तो ऐकण्याची घराची सवय अजून टिकून होती. “मी ज्यांना सोडले, त्यांची नावे मला ठाऊक आहेत. आज तुम्ही एकीला सोडता आहात. उद्या कोणी हा कागद उचलून जिवलीला म्हणेल, तू नव्हतीस. एकदा मी ते केले, ते पुरे. उद्या मी समाजमंदिरात उभा राहीन आणि सांगेन, पत्रक अपुरे आहे. किनाऱ्यावर वाळवण होते, सगळ्या बायकांचे होते, आणि मी ते रेखाटले नाही.”

भावनाबाईंना वाटले, आता हंसा रडेल. पण आधी प्रताप उठून उभा राहिला.

“म्हणजे संपलंच. पत्रक अपुरं, असं करणाराच म्हणाला, की सरकारी वकील विचारणार, मग घरं तरी खरी कशावरून? खोल्या खऱ्या कशावरून? आमचा एकेक भूखंड याच कागदावर उभा आहे, काका. तुम्ही पालघरच्या बंगल्यात परत जाल. आम्ही तिघं भाऊ इथेच, एका मोरीपुढे रांगेत.” तो हंसाकडे वळला. “आत्या, तू सांग त्यांना. बाबा असते तर काय म्हणाले असते?”

तो अर्ध्या घटकेपूर्वी तिच्या बाजूने बोलत होता. हंसाने त्याच्याकडे पाहिले, मग भावाकडे. तिच्या ध्यानात आले की खोलीत आता तिच्या बाजूचे असे कोणीच उरले नव्हते. किंवा सगळेच होते, आणि तेच अधिक अवघड होते.

“दादा, तू सांगशील आनि हलका होशील,” ती सावकाश म्हणाली. “तुजं मन धुऊन निगंल. आनि पोरांची घरं जातील. वर माजे बांबू मिळतील म्हनून कोन सांगतंय? कागद खोटा ठरला तर काय बी नाय मिळायचं. ना तेंचं, ना माजं.”

“मग मी काय करावे? तू सांग.”

आयुष्यात प्रथमच त्यांनी धाकट्या बहिणीला असे विचारले.  बाहेर टेंपो गुरगुरत निघून गेला.

“कागद घेऊन ये. आनि गप ऱ्हा,” हंसा म्हणाली. “आता च्या टाक, वयनी. डोकं दुकतंय.”

दुसऱ्या दिवशी समाजमंदिर भरून गेले. पुढे पुरुष, मागे बायका, आणि दाराशी, अर्धी आत अर्धी बाहेर, जिवली. हरेश्वर पहिल्या रांगेत बसले होते. घरून निघताना भावनाबाईंनी विचारले होते, “काय ठरवलंत?” आणि त्यांनी म्हटले होते, “जे खरे आहे ते मला ठाऊक आहे. कोणाचे खरे, ते ठाऊक नाही.” तरीही गाडीत त्यांनी ओठांनी शब्द जुळविले होते. ते बोलणार होते. बहिणीने नको म्हटले तरी बोलणार होते.

अधिकारी तरुण होते, विनयशील होते. त्यांनी पत्रक टेबलावर पसरले आणि क्षणभर सुनावणी विसरून ते नुसते पाहत राहिले. “शिकत असताना याची प्रत पाहिली होती, सर,” ते हरेश्वरांना म्हणाले. मग घरे तपासली. प्रतापच्या वकिलांनी खोल्या दाखविल्या, अधिकाऱ्यांनी मान डोलावली. मग त्यांचे बोट उजवीकडे सरकले आणि थबकले. त्यांनी कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

“इथे खरवडलंय.”

प्रताप जागेवरून अर्धा उठला. हिमानीने आईचा हात धरला.

“अक्षराचा भाग गेलाय. हे ताजं दिसतं. बाजूला पेन्सिलीच्या खुणाही आहेत.” विनय तसाच होता, आवाज मात्र बदलला होता. “या जागेवर आधी काही दाखवलेलं होतं का? आणि नंतर ते काढलं? तसं असेल तर या पत्रकात फेरफार झालाय, आणि मग मला ते पूर्णच बाजूला ठेवावं लागेल. वाळवणाच्या दाव्यातल्या अर्जदार कोण?”

“मी, साएब.” मागे हंसा उभी राहिली.

त्याच वेळी पुढे हरेश्वरही उठले. काठी टेकीत, एक हात टेबलाच्या कडेवर ठेवून. “या पत्रकाविषयी मला निवेदन करायचे आहे,” ते म्हणाले. 

“थांबा, सर. आधी अर्जदारांचं ऐकतो. आजी, नीट आठवून सांगा. या पांढऱ्या जागेवर तुमच्या गावात काय होतं?”

हंसाने पुढे पाहिले. भावाची पाठ तिला दिसत होती, आणि त्याच्या पलीकडे प्रताप, त्याचे दोघे भाऊ, त्यांच्या बायका. बाजूला झुंबरबाई पदर तोंडात धरून बसली होती. दारापाशी जिवली मान उंचावून, नीट ऐकू यावे म्हणून, एक पाऊल आत आली होती.

“रेती,” हंसा म्हणाली.

“आणि बांबू? वाळवण? अर्जात तसं लिहिलंय.”

“रेती हुती, साएब. बाकी काय नाय. पोरीनं खेळता खेळता खरवडलंन. कागद बराबर हाय.”

मागच्या रांगांतून एक कुजबुज उठली. कोणीतरी बाई मोठ्याने “अगं हंसे!” म्हणाली आणि गप्प झाली. झुंबरबाईने पदर तोंडातून काढला आणि हंसाच्या शेजारून उठून पलीकडे जाऊन बसली. अधिकाऱ्यांनी काही लिहून घेतले. मग त्यांनी हरेश्वरांकडे आदराने पाहिले.

“सर, आपण काही सांगणार होतात.”

हरेश्वरांनी वळून पाहिले. हंसा अजून उभी होती. तिची नजर त्यांच्यावर नव्हती, कोणावरच नव्हती. आता त्यांनी तोंड उघडले तर सबंध गावासमोर त्यांची बहीण खोटी ठरणार होती, आणि कागदही जाणार होता, घरेही जाणार होती. दारात आता जिवली नव्हती. बाहेरच्या उन्हात ती पाठमोरी, भरभर, रस्त्याकडे चालली होती, कारण मासळी उलटायची वेळ झाली होती आणि ताडपत्रीवर आज दुसरे कोणी नव्हते.

“नाही,” हरेश्वर म्हणाले, आणि बसले.